चेंबूरचा पत्ता किती चौकोनांत मावतो?

चेंबूरचा पिनकोड ४०००७१. हे सहा आकडे क्यूआर कोडात लिहायला २० बिट पुरतात. बिट म्हणजे एक चौकोन, काळा किंवा पांढरा. पिनकोडाऐवजी चेंबूर हे नाव रोमन लिपीत, सगळी अक्षरं मोठी घेऊन लिहिलं तर ३९ बिट लागतात. पहिलं अक्षर मोठं आणि पुढची सहा लहान, असं शाळेत शिकवतात तसं लिहिलं की ५६. आणि आपल्या देवनागरीत ‘चेंबूर’ लिहिलं तर १४४. ठिकाण एकच, पण पिनकोडाच्या तुलनेत मराठी नावाला सातपटीहून जास्त जागा.

यात कुणाचा कट नाही. कमी जागेत जास्त मजकूर कोंबणारा बारकोड स्वभावाने कंजूष असतो. कोणती चिन्हं वारंवार येणार याचा अंदाज आधी बांधायचा, त्यांना स्वस्त दर लावायचा आणि बाकीच्यांकडून भरपाई घ्यायची, एवढंच त्याचं तंत्र. तो अंदाज कुणी आणि कशासाठी बांधला हे कळलं, की भाजीच्या गाडीवरचं स्टिकर, आधार कार्डावरचा दाट चौकोन, गोळ्यांचं पाकीट आणि पुनर्विकासाची जाहिरात यांत नेमकं काय लिहिलंय आणि ते तसंच का लिहिलंय, हे समजू लागतं.

आकड्यांवर भिस्त ठेवायची कल्पना बारकोडाची एकट्याची नाही. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला आणि त्याची आखणी श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने केली, जे संस्कृतचे नावाजलेले पंडितही होते. सारख्या नावांची गावं आणि पत्त्यांवरच्या नाना लिप्या यांतून वाट काढायला त्यांनी सहा आकडे निवडले. पहिला ४ पश्चिम विभागाचा, ४०० म्हणजे मुंबई, शेवटचे ०७१ चेंबूरच्या टपाल कचेरीचे. आयुष्यभर शब्दांत रमलेल्या माणसाने देशाला पत्ता दिला तो आकड्यांत, याची मला गंमत वाटते.

उभ्या रेघांच्या बारकोडाची गोष्ट अमेरिकेतली. नॉर्मन जोसेफ वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर यांना १९५२ मध्ये पेटंट मिळालं. दुकानात पहिली वस्तू स्कॅन झाली ती २६ जून १९७४ रोजी, ओहायोतल्या ट्रॉय गावी, च्युइंगमचं पाकीट. आपल्याकडे बिस्किटाच्या पुड्यावर ८९० ने सुरू होणारा तेरा आकडी बारकोड असतो, तो याच घराण्यातला. त्यातला सुरुवातीचा ८ रेघांमध्ये काढलेलाच नसतो! डावीकडच्या सहा आकड्यांना प्रत्येकी दोन प्रकारे रेखाटता येतं, आणि कोणता आकडा कोणत्या प्रकारे रेखाटलाय त्या क्रमावरून स्कॅनर तो ८ ताडतो. बारा आकड्यांच्या जागेत तेरावा फुकट बसवला. मात्र या बारकोडात अक्षराला प्रवेशच नाही.

अक्षरं आणली ती १९७४ च्या कोड ३९ ने. पण त्याचा खर्च उधळ्याचा: एका चिन्हाला नऊ पट्टे, त्यातले तीन जाड. दाटीचा खरा विचार १९८१ च्या कोड १२८ मध्ये दिसतो. त्यात प्रत्येक चिन्हाला ११ एकक रुंदी मिळते, तीन काळ्या पट्ट्या आणि तीन मोकळ्या जागा. चिन्हांचे तीन संच आहेत. ‘ए’ मध्ये मोठी अक्षरं आणि यंत्रासाठीच्या खुणा, ‘बी’ मध्ये लहानमोठी दोन्ही अक्षरं, आणि ‘सी’ मध्ये फक्त आकडे, तेही जोडीने. म्हणजे ‘बी’ संचात एका आकड्याला जेवढी रुंदी लागते तेवढ्यातच ‘सी’ संचात दोन आकडे बसतात.

चेंबूरचा पिनकोडच घालून बघू. ‘सी’ संचात ४०००७१ चे तुकडे पडतात ४०, ०० आणि ७१. आधी ‘इथून सी संच सुरू’ सांगणारी खूण, तिची किंमत १०५. शेवटी तपासणीचं चिन्ह: १०५ मध्ये ४० गुणिले १, ० गुणिले २ आणि ७१ गुणिले ३ मिळवले की येतात ३५८, त्याला १०३ ने भागलं की बाकी ४९. स्कॅनर हीच बेरीज पुन्हा करतो आणि ४९ आले नाहीत तर वाचलेलं सगळं टाकून देतो. समाप्तीच्या १३ एककांसकट पूर्ण बारकोड ६८ एकक रुंद. तोच पिनकोड ‘बी’ संचात लिहिला असता तर १०१.

स्पीड पोस्टच्या पाकिटावरचा क्रमांक याहून मजेदार, कारण त्यात अक्षरं आणि आकडे दोन्ही आहेत. जागतिक टपाल संघाच्या नियमाप्रमाणे आधी दोन अक्षरं, मग आठ आकडे, एक तपासणीचा आकडा आणि शेवटी देशाची दोन अक्षरं, आपल्याकडे ‘आय’ आणि ‘एन’. कोड १२८ मध्ये तेरा चिन्हं सरळ एकापुढे एक लिहिता येतात. पण हुशार संगणक दोन अक्षरं ‘बी’ संचात लिहितो, संच बदलल्याची खूण टाकतो, आठ आकडे चार जोड्यांत उरकतो आणि पुन्हा ‘बी’ मध्ये येतो. संच बदलायच्या दोन खुणा धरूनही तेराऐवजी अकरा चिन्हांत काम भागतं. आकडे चारच असते तर हा उपद्व्याप परवडला नसता. दोन चिन्हं वाचली असती आणि दोन खुणांमध्ये गेली असती. पुढे क्यूआर आला तरी हाच हिशेब चालतो: संच बदलायचा खर्च आणि बदलून होणारी बचत.

रेघांची लांबी वाढवून वाढवून किती वाढवणार? म्हणून रेघांचे थर एकावर एक रचले गेले. विमानाच्या बोर्डिंग पासवर दिसणारा पीडीएफ४१७ हा १९९१ चा. त्याचा एक तुकडा १७ एककांचा आणि त्यात चार पट्ट्या, चार फटी. नावातले ४ आणि १७ हेच. चिन्हं तीस-तीसच्या गटांत वाटलेली, त्यामुळे दोन अक्षरांच्या ९०० जोड्या एका तुकड्यात मावतात. आकड्यांना इथेही सवलत: ४४ आकडे १५ तुकड्यांत. इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांवर नखाएवढा दिसणारा डेटा मॅट्रिक्स आकड्यांची जोडी एका बाइटमध्ये, म्हणजे आठ बिटांत, बसवतो, आणि मोठी अक्षरं तीन असतील तर दोन बाइटमध्ये. आपल्या रोजच्या व्यवहारात हे दोघे क्वचित येतात, म्हणून इथेच सोडतो.

क्यूआर कोड १९९४ चा, जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीतल्या मासाहिरो हारा यांच्या गटाने केलेला, मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला. कंपनीने पेटंट ठेवलं, पण वापराचे पैसे मागितले नाहीत; चेंबूरच्या बाजारात आज तो जागोजागी दिसतो त्याचं हे एक मोठं कारण. आकार चाळीस. सगळ्यात लहान २१ गुणिले २१ चौकोनांचा, सगळ्यात मोठा १७७ गुणिले १७७. तीन कोपऱ्यांतले मोठे डोळे कॅमेऱ्याला दिशा दाखवतात. कुठूनही आडवी रेघ मारा, डोळ्याच्या मध्यातून जाताना काळं-पांढरं १:१:३:१:१ याच प्रमाणात येतं.

मजकूर लिहायच्या चार पद्धती. आकडे असतील तर तीन-तीनचे गट करून प्रत्येक गटाला १० बिट. ४०० चे होतात ०११००१०००० आणि ०७१ चे ०००१०००१११. झाला आपला पिनकोड. दुसऱ्या पद्धतीत ४५ चिन्हं: दहा आकडे, २६ मोठी रोमन अक्षरं, मोकळी जागा आणि आठ खुणा. या ४५ चिन्हांच्या जोड्या होतात २०२५ आणि ११ बिटांत २०४८ संख्या बसतात, म्हणून दोन चिन्हांना ११ बिट. शून्यापासून मोजलं तर चेंबूरमधलं ‘सी’ बारावं आणि ‘एच’ सतरावं. १२ गुणिले ४५ अधिक १७ म्हणजे ५५७, आणि ती दोन अक्षरं झाली ०१०००१०११०१. तिसरी पद्धत बाइटची, प्रत्येक चिन्हाला ८ बिट, त्यात लहान रोमन अक्षरं आणि इतर सगळं. चौथी खास जपानी चित्राक्षरांसाठी, एकाला १३ बिट.

प्रत्येक मजकुराआधी कोणती पद्धत आणि किती चिन्हं हे सांगणारा मथळा येतो. लहान आकारांत आकड्यांसाठी तो १४ बिटांचा, मोठ्या अक्षरांसाठी १३, बाइटसाठी १२. आता सगळ्यात लहान चौकोन घ्या. त्यातले डोळे आणि बाकीच्या खुणा वजा केल्या की उरतात २०८ बिट, आणि दुरुस्तीची पातळी सगळ्यात खालची ठेवली तर त्यातले १५२ मजकुराला मिळतात. तेवढ्यात ४१ आकडे मावतात, किंवा २५ मोठी अक्षरं, किंवा १७ बाइट. युनिकोडच्या रूढ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना-मात्रा असो की अनुस्वार, तीन बाइट घेतं. च, मात्रा, अनुस्वार, ब, दीर्घ ऊकार, र: सहा चिन्हं, १८ बाइट. मथळ्यासकट १५६ बिट. चेंबूर चार बिटांनी हुकतं आणि २५ गुणिले २५ चा पुढचा आकार घ्यावा लागतो.

राहिलेली जागा जाते दुरुस्तीला. आयर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडलेलं गणित मजकुराबरोबर जादा बाइट लिहून ठेवतं, त्यामुळे काही भाग पुसला, फाटला, तेलकट झाला तरी उरलेल्यातून मूळ मजकूर परत काढता येतो. पातळ्या चार: ७, १५, २५ आणि ३० टक्के. मच्छीबाजारातल्या ओल्या फळीवर चिकटवलेल्या कोडाला वरची पातळी द्यायला हवी, हे उघड आहे. पण वरची पातळी म्हणजे मजकुराला कमी जागा. ३० टक्क्यांना लहान चौकोनात फक्त सात बाइट उरतात, म्हणजे देवनागरीची दोनच चिन्हं.

चेंबूर स्टेशनच्या दोन्ही बाजूंना फेरीवाल्यांकडे ज्याला सर्रास ‘स्कॅनर’ म्हणतात तो हाच छापील कोड. (स्कॅनर खरं तर गिऱ्हाइकाच्या हातात असतो, पण भाषा बाजार ठरवतो.) त्यात काय लिहिलेलं असतं? २०१७ च्या फेब्रुवारीत आलेल्या भारत क्यूआरची रचना मला यातली सगळ्यात सुबक वाटते. प्रत्येक माहितीआधी तिचा दोन आकडी क्रमांक, मग दोन आकडी लांबी, मग मजकूर. सुरुवात ०००२०१ ने. चलनाचा क्रमांक ५३, लांबी ०३ आणि रुपयाचा आंतरराष्ट्रीय आकडा ३५६: मिळून ५३०३३५६. शहराला ६०, लांबी ०६ आणि रोमन मोठ्या अक्षरांत मुंबई. पिनकोडाला ६१, लांबी ०६ आणि ४०००७१, म्हणजे चेंबूरच्या दुकानदाराच्या कोडात सलग ६१०६४०००७१ हे दहा आकडे सापडतील. विभागणारी खूण नाही की शब्द नाही. ज्याने हे ठरवलं त्याला आकडे स्वस्त पडतात हे पक्कं ठाऊक होतं.

साध्या यूपीआय कोडाचं उलटं. त्यात एक लांब दुवा असतो: ‘यूपीआय’, अपूर्णविराम, दोन तिरप्या रेघा, ‘पे’, मग प्रश्नचिन्ह आणि पुढे पैसे घेणाऱ्याचा पत्ता व नाव. पत्त्यात ‘ॲट’ची खूण हवीच, आणि प्रश्नचिन्ह, बरोबरची खूण व ‘ॲट’ त्या ४५ चिन्हांत नाहीत. अक्षरं मोठी केली तरी फारसं काही वाचत नाही; मजकूर बाइटच्या दराने जातो. चालतं, कारण मजकूर छोटा आहे.

दाटीची कमाल पाहायची तर आधार कार्ड काढा. आधार प्राधिकरणाने आणलेल्या सुरक्षित क्यूआरमध्ये नाव, पत्ता, लहानसा फोटो आणि २०४८ बिटांची डिजिटल सही असते. तो साध्या स्कॅनरने वाचला तर पडद्यावर फक्त आकडे येतात, हजारो आकड्यांची एक अजस्र संख्या. आधी माहिती दाबून लहान करतात आणि मग त्या सगळ्या बाइटांची मिळून एकच दशमान संख्या बनवतात. वरवर हा खुळेपणा वाटतो, फोटोची संख्या कशाला? पण कच्चे बाइट अनेक साधे स्कॅनर बिघडवून पुढे पाठवतात. आकडे मात्र कुठल्याही यंत्रातून जसेच्या तसे बाहेर पडतात. आणि तीन आकड्यांना १० बिट हा दर इतका चोख आहे, की या उलटापालटीत अर्धा टक्काही जागा वाया जात नाही. हजार संख्यांसाठी १०२४ घरं, फक्त २४ रिकामी.

यानंतर प्रश्न उरतो तो कोडात काय घालायचं याचा. १ ऑगस्ट २०२३ रोजी दोन नियम लागू झाले आणि दोघांनी परस्परविरुद्ध उत्तरं दिली. त्या दिवसापासून महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाने, बांधकाम प्रकल्पांच्या जाहिरातीत क्यूआर सक्तीचा केला, नाहीतर ५० हजार रुपयांपर्यंत दंड. चेंबूरमध्ये जुन्या सोसायट्या आणि वसाहतींच्या पुनर्विकासाच्या पाट्या इतक्या लागल्यात, की हा नियम इथे रोज दिसतो. या कोडात प्रकल्पाची माहिती नसते, असतो तो महारेराच्या पानाचा दुवा. माहिती बदलली तर पान बदलतं, कोड तोच राहतो. मुंबई उपनगर जिल्ह्यातल्या प्रकल्पांना सुरुवातीच्या वर्षांत मिळालेले नोंदणी क्रमांक ‘पी’ आणि ५१८ ने सुरू होतात, एक अक्षर आणि पुढे अकरा आकडे. तो नुसता क्रमांक कोडात घातला तर मोठ्या अक्षरांच्या दराने मथळ्यासकट ७९ बिट, आणि ‘पी’ नंतर आकड्यांच्या पद्धतीत उडी मारली तर ७०. कोड मात्र जाहिरातीतच नव्हे, कुठेही कुणालाही छापता येतो, आणि खोट्या पानाकडे नेणारा कोड डोळ्यांना अगदी खऱ्यासारखाच दिसतो. स्कॅन केल्यावर उघडलेल्या पानाचा पत्ता वाचल्याशिवाय टोकन रकमेचं बोलू नये.

त्याच दिवसापासून तीनशे औषधांच्या ब्रँडवर, ज्यात डोलो, कॅल्पोल, ॲलेग्रा अशी घराघरातली नावं आहेत, बारकोड किंवा क्यूआर बंधनकारक झाला. इथे नियमाने मजकूरच मागितला: उत्पादनाचा ओळख क्रमांक, औषधाचं मूळ नाव, ब्रँड, उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच, उत्पादनाची तारीख, मुदत संपण्याची तारीख, परवाना क्रमांक. आठ गोष्टी. मध्यम दुरुस्ती ठेवून ५७ गुणिले ५७ च्या चौकोनात २१३ बाइट मावतात. इंग्रजीत हे सगळं साधारण तेवढ्यात बसवता येतं. औषधाच्या बाबतीत हाच मार्ग बरोबर आहे असं माझं मत. नेटवर्क नसलं तरी तारीख वाचता आली पाहिजे, आणि कंपनीचं संकेतस्थळ उद्या बंद पडलं तरी पाकिटावरचं पाकिटावर राहिलं पाहिजे.

मग ते मराठीत का नको? त्याच २१३ बाइटांत देवनागरीची ७१ चिन्हं येतात, हे खरं. सगळ्यात मोठ्या क्यूआरमध्ये ७०८९ आकडे, ४२९६ मोठी अक्षरं किंवा १८१७ जपानी चित्राक्षरं मावतात. देवनागरी चिन्हं ९८४. जपानने आपल्या लिपीची सोय पहिल्या दिवसापासून केली. चीनने स्वतःच्या राष्ट्रीय मानकात चिनी लिपीसाठी वेगळी पद्धत घातली. आंतरराष्ट्रीय मानकात देवनागरीसाठी अशी पद्धत नाही. आपल्याकडे साधन नव्हतं असं मात्र नाही. भारतीय मानक १३१९४, म्हणजे १९९१ ची इस्की पद्धत, भारतीय लिप्यांच्या एका चिन्हाला एकच बाइट देत असे. तिच्यात चेंबूर सहा बाइटांत आटोपतं आणि लहान चौकोनात आरामात बसतं. पण आज बहुतेक फोनना इस्की समजत नाही, सगळे युनिकोड वाचतात, आणि जो कोड कुणालाच वाचता येत नाही तो दाट असून उपयोग काय? इस्की परत आणा असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. तिप्पट खर्च मान्य करावा आणि मराठी लिहावं. नाव आणि मुदत संपण्याची तारीख एवढं मराठीत घालायला कोड दोन-तीन आकारांनी वाढेल, इतकंच.

टपाल खात्याचं ताजं पाऊल पुन्हा जुन्याच वाटेवर आहे. मे २०२५ मध्ये आलेला डिजिपिन देशाचे सुमारे चार मीटर बाय चार मीटरचे चौकोन पाडतो आणि प्रत्येकाला दहा चिन्हांचं नाव देतो. चिन्हं सोळाच: २ ते ९ हे आकडे आणि आठ मोठी रोमन अक्षरं. सोळाच्या सोळा क्यूआरच्या ४५ च्या यादीत आहेत, म्हणजे मधल्या आडव्या रेघा गाळल्या तर पत्ता ५५ बिटांत मावतो. शून्य आणि एक वगळल्यामुळे ‘ओ’ आणि ‘आय’शी गल्लतही टळली. वेलणकरांचे सहा आकडे पत्र चेंबूरच्या कचेरीपर्यंत आणत. ही दहा चिन्हं ते इमारतीच्या दारापर्यंत आणू पाहतात.

सोसायटीच्या वर्गणीसाठी, मंडळाच्या पावतीसाठी किंवा दुकानासाठी कोड करून घेणार असाल तर छापखान्याला चार गोष्टी सांगा. दुवा शक्य तितका लहान हवा. चहूबाजूंनी चार चौकोनांएवढी पांढरी जागा हवीच. रंगीत फ्लेक्सवर ती हमखास खाल्ली जाते. मधोमध गणपती किंवा बोधचिन्ह बसवायचं असेल तर दुरुस्तीची पातळी सगळ्यात वरची ठेवा. आणि हजार प्रती काढण्याआधी एक प्रत काढून, जुन्या स्वस्त फोनवर, जिन्यातल्या अंधुक उजेडात स्वतः स्कॅन करून पाहा.